लॅपटॉपची बॅटरी वापरून कमी आणि भरून ठेवून जास्त झिजते

लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवावा का, या प्रश्नाला दोन ठाम उत्तरं मिळतात. 'बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा' हे एक. 'आता सगळं ऑटोमॅटिक असतं, लावून ठेवा, काही होत नाही' हे दुसरं. पहिलं उत्तर निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातलं आहे आणि आजच्या बॅटरीला ते नुकसानच करतं. दुसरं अर्धंच खरं आहे. शंभर टक्के झाल्यावर चार्जिंग थांबतं हे बरोबर, पण थांबल्यानंतरही बॅटरी शंभर टक्क्यांवरच उभी असते. घरात किंवा ऑफिसात टेबलावरच असणाऱ्या लॅपटॉपची बहुतेक झीज याच अवस्थेत होते.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना त्यामागच्या संशोधनासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९१ पासून बॅटरीची क्षमता खूप वाढली, पण तिचा मूळ स्वभाव बदललेला नाही. तो एकदा कळला की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

बॅटरीच्या आत एका बाजूला ग्रॅफाइट असतं आणि दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड. मध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणजे लिथियमचे आयन वाहून नेणारा द्रव. चार्जिंग करताना लिथियम ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतं आणि वापरताना परत येतं. पहिल्या काही चार्जिंगमध्येच ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा थर हवाच असतो, कारण त्याच्यामुळे द्रव आणि ग्रॅफाइट यांची एकमेकांवरची प्रक्रिया आटोक्यात राहते. मात्र तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कधीच कामाला येत नाही. दुसऱ्या बाजूला, बॅटरी पूर्ण भरलेली असताना ऑक्साइडमधलं बरंच लिथियम निघून गेलेलं असतं. अशा अवस्थेत ऑक्साइड द्रवाला जास्त जोराने खराब करतं. तापमान वाढलं की या दोन्ही प्रक्रिया वेग घेतात.

म्हणून बॅटरीचे खरे शत्रू दोन: उष्णता आणि भरलेपण. दोन्ही एकत्र आले की फार वाईट. लिथियम-आयनबद्दल नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे पाहा. २५ अंश सेल्सिअसला बॅटरी ४० टक्के भरून वर्षभर नुसती ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते; पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. या वर्षभरात बॅटरी एकदाही वापरलेली नाही, हे लक्षात घ्या.

आता नागपूर, चंद्रपूर, अकोला किंवा जळगावातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश असताना कूलर नसलेली खोलीच ३८-४० वर जाते. चालू लॅपटॉपच्या पोटातली बॅटरी खोलीपेक्षा आणखी काही अंशांनी गरम असते, कारण प्रोसेसर तिच्या शेजारीच तापत असतो. अशा खोलीत दिवसभर शंभर टक्क्यांवर लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी दीड-दोन वर्षांत अर्ध्यावर आली तर त्यात कंपनीची खोट शोधण्याआधी खोलीचं तापमान पाहावं. अ‍ॅपल तर आपल्या उपकरणांच्या बाबतीत ३५ अंशांच्या वरचं वातावरण बॅटरीला कायमची इजा करू शकतं असं स्पष्ट सांगते, आणि विदर्भात ३५ अंश म्हणजे उन्हाळ्यातली रात्रसुद्धा असू शकते.

ऐंशी टक्क्यांची मर्यादा

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: चार्जिंगला ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय चालू करा. बॅटरी अनेक सेल जोडून बनते; पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला जाणारा एक सेल ८० टक्क्यांच्या आसपास साधारण ४ व्होल्टवर असतो. फरक दिसायला लहान आहे, पण वर सांगितलेल्या प्रक्रिया नेमक्या या शेवटच्या थोड्या व्होल्टमध्येच जोर धरतात.

ही सोय प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने आणि वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे, म्हणूनच ती बहुतेकांना सापडत नाही. लेनोवोमध्ये 'व्हँटेज' हे अ‍ॅप उघडा. आयडियापॅडमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड' मिळेल. जुन्या मॉडेलांत तो ५५ ते ६० टक्क्यांवर थांबवतो, नव्यांत ७५ ते ८० वर. थिंकपॅडमध्ये चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे दोन्ही आकडे स्वतः ठरवता येतात. एसुसमध्ये 'मायएसुस' अ‍ॅपमध्ये बॅटरीची काळजी घेणारा मोड आहे. डेलमध्ये ही सोय कंपनीच्या अ‍ॅपमध्ये (जुन्या लॅपटॉपवर 'पॉवर मॅनेजर') किंवा थेट बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, असते. तिथे 'प्रायमरिली एसी यूझ' निवडा, नाहीतर 'कस्टम' घेऊन आकडे भरा. एचपीच्या ऑफिससाठी बनवलेल्या मॉडेलांत बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' सापडतो. त्यात बॅटरीचं आरोग्य जपण्याचा पर्याय घ्या. एसरमध्ये 'केअर सेंटर'मध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते. लिनक्स वापरणाऱ्यांना 'टीएलपी' हा प्रोग्रॅम टाकून मर्यादा ठरवता येते, अर्थात त्या लॅपटॉपचं हार्डवेअर साथ देत असेल तर. मॅकबुक स्वतःच वापराची सवय ओळखून ८० च्या पुढचं चार्जिंग लांबवतं. तेवढा पर्याय सेटिंगमध्ये चालू आहे ना, एवढंच पाहायचं.

काही मॉडेलांत यातलं काहीच नसतं. अशा वेळी काम हातानेच करायचं: ८० च्या आसपास चार्जर काढायचा, ३०-४० ला पुन्हा लावायचा. रोज जमलं नाही तरी रात्री झोपताना चार्जर काढून ठेवणं जमतं, आणि एवढ्यानेही त्या आठ तासांचं भरलेपण टळतं.

'मग वीज गेली की काय करायचं?' हा प्रश्न आपल्याकडे रास्त आहे. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात ६० टक्क्यांची मर्यादा परवडत नाही. तिथे ८० ठेवा. एखाद्या वारी देखभालीसाठी वीज बंद राहणार असं आधीच कळलं असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. एका दिवसाच्या शंभर टक्क्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन्‌महिने तिथेच राहिल्याने.

खालच्या टोकालाही हेच. रोज शून्यावर आणण्यात काही फायदा नाही. बॅटरीचा एक 'सायकल' म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे. एकूण शंभर टक्के वापरणं. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरले तर दोन दिवसांत मिळून एक सायकल होते. त्यामुळे अधूनमधून थोडं थोडं चार्ज केल्याने सायकल वाया जात नाहीत. साध्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलपर्यंत चांगल्या चालतात. सध्याच्या मॅकबुकसाठी हा आकडा १००० धरलेला आहे.

बॅटरीचा अहवाल वाचायला शिका

'बॅकअप कमी झाला' ही तक्रार मोघम आहे. दुकानात जाण्याआधी आकडे हातात असू द्या. विंडोजमध्ये स्टार्टच्या शोधचौकटीत 'सीएमडी' (cmd) टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या आणि रेघेला चिकटूनच 'बॅटरीरिपोर्ट' हा जोडशब्द लिहून (powercfg /batteryreport) एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते खालच्या ओळीत दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. मॅकमध्ये ऑप्शनची कळ दाबून धरून अ‍ॅपलचा मेन्यू उघडा, 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये जा आणि 'पॉवर' हा भाग पाहा.

अहवालात पहिल्यांदा दोन आकडे शोधा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेली क्षमता, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मिळणारी. समजा पहिला आकडा ४१,०४० मिलिवॅट-तास आहे आणि दुसरा ३०,७८०. भागाकार केला तर ७५ टक्के. साधं ब्राउझिंग आणि टायपिंग करताना लॅपटॉप सरासरी ८ वॅट खात असेल तर नवी बॅटरी पाच तासांच्या थोडी वर चालली असती. आता ती सुमारे पावणेचार तास चालेल. ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका. ६० च्या खाली गेली असेल आणि लॅपटॉप घेऊन फिरावं लागत असेल तर बदलायचा विचार करा. टेबलावरच असेल तर ५० टक्केही पुरतात, फक्त ती फुगलेली नसावी.

याच अहवालात खाली क्षमतेचा आठवड्यागणिक इतिहास असतो. मला तो सगळ्यात उपयोगाचा भाग वाटतो. आकडा महिन्यामहिन्याने थोडा थोडा उतरत असेल तर ती खरी झीज. एका आठवड्यात ३८,००० वरून ३०,००० वर उडी मारली असेल तर सेल एका रात्रीत म्हातारे झालेले नसतात. बहुधा बॅटरीतल्या मापन चिपचा अंदाज चुकलेला असतो. ही चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून टक्केवारी काढते. बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही आणि कधीच नीट उतरली नाही तर तिला दोन टोकांचे संदर्भ मिळत नाहीत आणि हिशेबातली चूक साठत जाते.

त्यावर उपाय कॅलिब्रेशन. मर्यादा काढून बॅटरी १०० टक्के भरा आणि आणखी दोन तास चार्जर तसाच राहू द्या. मग चार्जर काढून साधं काम करत ती उतरू द्या, लॅपटॉप ५ टक्क्यांच्या आसपास स्वतःहून हायबरनेट होईपर्यंत, म्हणजे चालू काम साठवून बंद होईपर्यंत. तसाच काही तास थंड होऊ द्या आणि मध्ये न काढता पुन्हा १०० पर्यंत भरा. नंतर मर्यादा परत चालू करा. वर्षातून दोन-तीनदा एवढं पुरे. दर आठवड्याला कॅलिब्रेशन करणारे लोक बॅटरी दुरुस्त करत नाहीत, तिचे सायकल खर्च करतात. सेलची गेलेली क्षमता कॅलिब्रेशनने परत येत नाही. फक्त दिसणारी टक्केवारी खरी होते.

'३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम बंद पडतो' ही तक्रारही इथेच सोडवता येते. जड काम करतानाच बंद पडत असेल तर सेलचा अंतर्गत रोध वाढलेला आहे: ४० वॅटचा भार आला की तीन सेलच्या बॅटरीतून साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो, व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्र बंद होतं. ती बॅटरी संपत आली आहे. हलक्या कामातही तसंच होत असेल तर आधी एकदा कॅलिब्रेशन करून पाहा.

उष्णता कुठून येते

बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात. गादी, उशी, गोधडी, सोफा यांवर ठेवला की ती जाळी बंद होते. एक पाट किंवा लाकडी फळी खाली घ्या, काम होतं. पंख्यात अडकलेली धूळ दीड-दोन वर्षांनी साफ करून घ्या. खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम चालू असताना बॅटरी भरत ठेवू नका. त्या वेळी मर्यादा चालू असणं सर्वांत मोलाचं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका, बॅगेत असला तरी. स्लीपवर टाकून बॅगेत भरलेला लॅपटॉप मधेच जागा होऊन आतल्या आत तापतो, म्हणून प्रवासाआधी शटडाउन किंवा हायबरनेट करा. जलद चार्जिंग बंद करायचा पर्याय असेल आणि घाई नसेल तर तेही बंद ठेवा.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांसाठी उलटी काळजी आहे. शून्याखालच्या थंडीत राहिलेली बॅटरी लगेच चार्ज केली तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून जमतं. क्षमता जाते आणि आत शॉर्ट होण्याचा धोकाही वाढतो. लॅपटॉप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा.

चार्जर बदलताना व्होल्टेज जुळलं पाहिजे आणि वॅट मूळ चार्जरइतके किंवा जास्त हवेत. जास्त वॅटच्या चार्जरने लॅपटॉपला इजा होत नाही, कारण तो लागेल तेवढंच ओढतो. कमी वॅटचा लावला तर जड कामात चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत राहते. यूएसबी-सीमध्ये ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर, १०० वॅटसाठी ५ अँपिअरची खास केबल लागते. मोबाइलसोबत आलेल्या केबलने ते होणार नाही.

फुगलेली बॅटरी

इथे मात्र कसलाही उशीर नको. टचपॅड वर आलेला किंवा नीट क्लिक न होणारा, कीबोर्ड मधोमध उचललेला, झाकण पूर्ण न मिटणारं, तळाच्या पत्र्याला फट, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगणारा लॅपटॉप ही सगळी फुगल्याची लक्षणं. आतला द्रव विघटन पावून वायू तयार झालेला असतो आणि तो सेलच्या पाकिटात कोंडलेला असतो.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. पुन्हा चार्ज करू नका, 'थोडंसं काम आहे' म्हणून चालवूही नका. टचपॅड दाबून जागेवर बसवायचा प्रयत्न करू नका. पाकिटाला भोक पाडून वायू काढण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका: हवा आणि ओलावा आत शिरला की आग लागू शकते आणि बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन फ्लोराइडसारखं विषारी रसायन असू शकतं. फ्रीजमध्येही ठेवू नका. पडदे, गाद्या, कागद यांपासून दूर, उघड्या फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर कारागिराकडून काढून घ्या. धूर निघू लागला तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, धूर श्वासात घेऊ नका आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

नवी बॅटरी घेताना

लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागवू नका. जुन्या बॅटरीवरच्या लेबलवर तिचा स्वतःचा पार्ट नंबर असतो, तो जुळवा. एकाच मॉडेलमध्ये दोन, तीन आणि चार सेलच्या बॅटऱ्या असू शकतात आणि त्यांचे कनेक्टर आणि स्क्रूच्या जागा वेगळ्या असतात. मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याला भुलू नका. ७.६ व्होल्टची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३८ वॅट-तासांची होते, ११.४ व्होल्टची ३५०० ची बॅटरी जवळपास ४०. तुलना वॅट-तासांनीच करा. भारतात विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. जुन्या पॅकमधले सेल बदलून देण्याचं काम मी तरी सुचवणार नाही. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र आले की त्यांचं व्होल्टेज जुळत नाही, आणि अनेक पॅकमधली चिप सेल सुटताच स्वतःला कायमचं बंद करून घेते.

स्वतः बदलणार असाल तर आधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा, पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा. तळाचे स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर तळाचं चित्र काढून ज्या त्या जागी ठेवा. पत्रा प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने सोडवा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. तारा ओढू नका, कनेक्टरच्या कडांना धरून हलकेच सरकवा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला चार्ज जाईल. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल तर ते काम कारागिराचं. ती उचकटताना वाकली की सेल फाटतो.

बसवल्यावर पूर्ण चार्ज करून लगेच अहवाल काढा. पूर्ण भरलेली क्षमता डिझाइनच्या जवळपास हवी आणि सायकलचा आकडा एक अंकी असावा. तसं नसेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करा.

लॅपटॉप काही महिने बंद राहणार असेल तर बॅटरी ५० टक्क्यांवर आणून पूर्ण शटडाउन करा, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा. शून्यावर ठेवून दिलेली बॅटरी स्वतःहून आणखी उतरते. फार खाली गेली की ग्रॅफाइटमागचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. अशी मेलेली बॅटरी बाहेरून वीज देऊन 'उठवून देतो' म्हणणाऱ्याला नकार द्या, कारण विरघळलेलं तांबं आत पुन्हा जमून शॉर्ट करू शकतं. विमानाने जाताना सुटी बॅटरी केबिनच्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही आणि बहुतेक लॅपटॉप त्याच्या आतच असतात.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेटते आणि गाडीवरच्या माणसांना धोका होतो. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते याचसाठी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्विस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला ती द्या. देण्याआधी कनेक्टरच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि ती किल्ल्या, नाणी अशा धातूच्या वस्तूंसोबत एकाच पिशवीत ठेवू नका.